खडक-१ : एरिओकॉलॉन प्रकल्पाच्या नोंदी

१९ जुलै २०२४

वन खात्याची परवानगी आली. कुठून, किती आणि कधीपर्यंत गोळा करायचं, तिन्ही त्यात लिहून दिलंय. गावाचं नाव या नोंदींत लिहिणार नाही. गोंदिया जिल्हा, अर्जुनी मोरगाव तालुका, एवढं पुरे.

विषय: तलावकाठी, धानाच्या बांध्यांत आणि जंगलातल्या उघड्या खडकांवर वाढणाऱ्या एरिओकॉलॉन या बुटक्या रोपांच्या जाती. कासच्या पठारावर याच जीनसला (जवळच्या जातींच्या गटाला) गेंद म्हणतात आणि ते बघायला लोक तिकीट काढून जातात. आमच्याकडे हीच मंडळी बांधीच्या चिखलात साबुदाणा सांडल्यासारखी पसरलेली असतात आणि निंदणाला आलेल्या बाया त्यांना उपटून धुऱ्यावर फेकतात. स्टाफरूममध्ये विषय सांगितला तेव्हा एका सरांनी विचारलं, "यावर पीएचडी होते?" होते, आणि एकाची नाही, अनेकांची झाली आहे. जगात या जीनसच्या साडेचारशेवर जाती आहेत, भारतात शंभराच्या वर, त्यातल्या बहुसंख्य सह्याद्रीत. तिथे अजूनही भर पडतेच आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी काही वर्षांपूर्वी दोन नव्या जाती दिल्या, सिंधुदुर्गातून पार्विसेफॅलम आणि कुमट्याहून करावळेन्स.

मग विदर्भातून नवं काही का येत नाही? इथे काही नाही म्हणून, की कुणी नीट बघितलं नाही म्हणून? मला दुसरं वाटतं, आणि त्याला कारण आहे. कुकचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ दरम्यान निघाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या प्रत्येक वनस्पतीवाल्याच्या टेबलावर तो असतो. पण तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यात नव्हतोच. गोंदिया, भंडारा, चांदा हे सगळं मध्य प्रांतात. आम्ही मुंबई राज्यात आलो १९५६ साली. हूकरच्या ब्रिटिश इंडियाच्या फ्लोरात आम्ही येतो, पण १८९३ च्या सहाव्या खंडात अख्ख्या हिंदुस्थानचा हा जीनस काही पानांत उरकला आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा महाराष्ट्राच्या एकदलिकित वनस्पतींचा खंड १९९६ चा. तो चांगला आहे, पण आमच्या भागातले नमुनेच कमी, तर तो तरी काय करणार.

तेव्हा इथे काही वेगळं दिसलं तर पहिला प्रश्न "नवं आहे का" हा नाही. "कुणाच्या हद्दीत आधीच सापडलंय का" हा आहे.

५ ऑगस्ट

रोवणी अजून आटोपली नाही, पाऊस उशिरा जोर धरतोय. झाडं सगळी पानांवर, हेड, म्हणजे दांड्याच्या टोकाचा फुलांचा गोंडा, एकालाही नाही. या अवस्थेत एरिओकॉलॉनची जात सांगणं म्हणजे अंदाजपंचे. पानांचा झुपका सगळ्यांचा सारखा. पान उजेडासमोर धरलं की आडव्या-उभ्या जाळीच्या खिडक्या दिसतात, त्याने जीनस कळतो, जात नाही.

आजचं काम फक्त तलाव बघण्याचं. इथले बहुतेक जुने तलाव मालगुजारांच्या काळातले, कोहळी लोकांनी बांधलेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तेव्हापासून ते "मामा तलाव", माजी मालगुजारी. आम्हाला पाळीजवळचं खोल पाणी नको, वरच्या अंगाचा उथळ चिखल हवा. पण दोन तलावांत नेमका तोच भाग बेशरमीने भरलाय आणि एकात मागच्या उन्हाळ्यात गाळ काढताना जेसीबीने काठ उभा कापलाय. उभ्या काठाला एरिओकॉलॉन लागत नाही.

३ सप्टेंबर, तान्हा पोळा

गावात पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार. विद्यार्थी येणार नाहीत हे गृहीत धरून एकटीच निघाले, पण एम.एस्सी.चा एक जण मोटरसायकल घेऊन आलाच. त्याच्याच गावाकडच्या जंगलात एक सपाट खडक आहे म्हणे, पावसाळाभर त्यावरून पाणी झिरपत असतं.

खडक चांगला ऐसपैस निघाला. मधे मधे बोटभर मातीचे खळगे, काही ठिकाणी शेवाळ. ड्रॉसेरा इंडिका भरपूर, युट्रिक्युलेरियाची निळी फुलं, आणि काठाकाठाने एरिओकॉलॉनचे झुपके. हेड नुकती वर येताहेत. आज एकही उपटलं नाही, जीपीएसवर जागा टिपली.

२२ सप्टेंबर

तिन्ही प्रकारच्या जागांवरून पहिलं संकलन. नाव ठरेपर्यंत हाक मारायला खुणा: बांधी-१, तलाव-१, खडक-१.

बांधीत वाकून बसलो होतो तर धुऱ्यावरून जाणाऱ्या एक आजी थांबल्या.

"काय वेचून रायल्या जी मॅडम? शिंगाडे तं तिकडं तलावात आहेत."

"शिंगाडे नाही आजी, हे बघा, हे पांढरं."

"हे? हे तं कचरा होय." मग थोडं थांबून, "धान पिकलं का हे बी वाळते. तवा याचे दाने झडतात, बारीक. फुकलं का उडते."

हे वाक्य मी जसंच्या तसं वहीत घेतलं. बी कधी पिकतं हे मला पुस्तकात कुठे इतकं नेमकं मिळालं नव्हतं: धान पिवळं पडलं की यायचं.

खडक-१ तिथल्या तिथे दहा पट भिंगाखाली बघितलं. हेडच्या तळाशी असलेली बाहेरची सहपत्रं (फुलांखालची बारीक पानं) हेडच्या बाहेर आली आहेत, टोकदार आणि चाऱ्यासारख्या पिवळ्या रंगाची. बांधी-१ ला असं काही नाही. विद्यार्थ्याने लगेच विचारलं, "मॅडम, नवीन?" त्याला म्हटलं, गाडी सुरू कर.

२४ सप्टेंबर

दाबणीतले कागद सकाळ-संध्याकाळ बदलणं चालू आहे. सप्टेंबरात इकडे हवेतच पाणी. एक दिवस कागद बदलले नाहीत तर हेडवर बुरशी, आणि बुरशीच्या धाग्यांत सहपत्रांवरचे केस दिसेनासे होतात. साठ वॅटचा बल्ब लावलेली लाकडी पेटी बरी चाललीय. प्रत्येक जागेची काही हेड सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये, पानं सिलिका जेलमध्ये डीएनएसाठी. जुनी वर्तमानपत्रं पुरवणारा किराणावाला आता विचारतो, "फुलवाल्या मॅडमसाठी का?"

६ ऑक्टोबर

बांधी-१ आणि तलाव-१ निकालात.

बांधी-१ ला दोन तास पुरले. परागकोश पांढरट; आमच्या बाकीच्या दोन्ही नमुन्यांत ते काळे आहेत. मादी फुलाला दोनच निदलं (पाकळ्यांबाहेरचं वेष्टन), धाग्यासारखी बारीक. एरिओकॉलॉन सिनेरियम, शंका नाही. भातशेतीचं हे जगभरचं तण. रॉबर्ट ब्राऊनने १८१० साली त्याचं वर्णन केलं ते ऑस्ट्रेलियातल्या नमुन्यावरून, आणि त्याच झाडाला जपानकडच्या नमुन्यांवरून पुढे सिबोल्डियानम हेही नाव पडलं. आमच्या आजीबाईंच्या धुऱ्यावरचा कचरा, नाव ऑस्ट्रेलियातून. जातीचं पहिलं वर्णन कुठून झालं आणि ती मुळात राहते कुठे, यांचा संबंध असेलच असं नाही. जो आधी वाकून बघतो त्याच्या गावाचा नमुना टाइप, म्हणजे नावाचा आधार, ठरतो.

तलाव-१ ने थोडा घाम काढला. काठावरच्या झाडांचे दांडे वीतभर, वर सुकलेल्या चिखलातले जेमतेम दोन बोटं. विद्यार्थिनींनी दोन वेगळ्या जाती म्हणून दोन वेगळी पाकिटं केली होती. दोन्ही उघडून फुलं शेजारी शेजारी ठेवली. निदलं, पाकळ्या, केस सगळं एकच. पाणी हटत गेलं तसं उशिरा फुटलेलं झाड ठेंगणं राहिलं, इतकंच. क्विन्क्वँग्युलेअर. हे लिनियसने १७५३ मध्येच दिलेलं नाव, सिलोनहून गेलेल्या नमुन्यांवर. दोन्ही पाकिटं एकत्र केली, पण दोन्ही टोकांची मापं वहीत ठेवली. ठेंगण्या झाडांवरून नवी जात करायचा मोह कुणाला तरी पुढे होणारच, त्याच्यासाठी.

१३ ऑक्टोबर

आजचा अख्खा रविवार खडक-१.

पद्धत लिहून ठेवते, कारण पुढच्या तुकडीला हीच वही द्यायची आहे. वाळलेलं हेड कोमट पाण्यात दहा मिनिटं. मग काचपट्टीवर ग्लिसरिनचा थेंब, आणि दोन सुयांनी बाहेरून आत सोलत जायचं. पंखा बंद. खिडकी बंद. नाकावर रुमाल, कारण एक फूल दीड-दोन मिलिमीटरचं आणि आपला श्वास त्याला वादळच. दुपारी वीज गेली तेव्हा मायक्रोस्कोपच्या खाली मोबाईलचा टॉर्च लावून काम चालू ठेवलं. उजेड तिरपा पडला तर उलट केस जास्त ठळक दिसले. यापुढे तिरपाच उजेड.

बाहेरची सहपत्रं आठ ते दहा, चार ते पाच मिलिमीटर, हेडच्या रुंदीपेक्षा लांब. त्यांच्यावर केस नाहीत. आतली, फुलांची सहपत्रं टोकाकडे रुंद, पाठीवर वरच्या अर्ध्या भागात पांढरे जाड केस. पुष्पासन केसाळ. नर फुलाची तिन्ही निदलं जोडून एक चिरलेली खोळ, परागकोश सहा, काळे. इथवर ठीक, अशा अर्धा डझन जाती सांगता येतील.

मादी फूल मात्र अडवतं. तीन निदलं, दोन मोठी आणि होडीच्या आकाराची, तिसरं त्यांच्या निम्मं आणि सपाट. मोठ्या दोघांच्या पाठीच्या कण्यावर पातळ पाख, त्याची कड दातेरी. दाते मोजता येतात, पाच ते सात. पाकळ्या तीन, आतल्या अंगाला केस, टोकाला काळी ग्रंथी. एका पाकळीची ग्रंथी फिकट.

पहिल्या फुलावर विश्वास ठेवायचा नाही हा नियम. एकाच हेडमधली दहा फुलं काढली, मग वेगवेगळ्या झाडांची हेड. पाख सगळ्यांना आहे. तिसरं निदल मात्र एका झाडात जवळजवळ नाहीसंच. या जीनसमध्ये निदलांची संख्या एका वस्तीतही थोडी इकडेतिकडे होते, म्हणून निव्वळ तिच्यावर जात उभी करणारे पेपर मी दोनदा वाचते. पाखावर माझा जास्त भर आहे.

लांब सहपत्रांमुळे समोर येणारं पहिलं नाव म्हणजे झेरँथेमम, मार्शियसचं १८३२ चं. त्याचीही बाहेरची सहपत्रं हेडबाहेर चांदणीसारखी पसरतात. म्हणजे आता वाद खडक-१ आणि झेरँथेमम यांच्यातला. निदान पहिली फेरी तरी.

२० ऑक्टोबर

कोजागिरी होऊन गेली, खडकावरचं पाणी आटत आलंय. वेगवेगळ्या खळग्यांतली झाडं मापली: पान दीड ते तीन सेंटिमीटर, दांडा चार ते नऊ, हेड तीन ते चार मिलिमीटर. खळगा खोल तर दांडा उंच. हेडच्या मापात मात्र फरक पडत नाही. ही चांगली खूण.

बी अजून हिरवट. घेतलं नाही. कच्च्या बीचं आवरण नीट तयार झालेलं नसतं, आणि तशा बीचे फोटो छापून झालेले गोंधळ निस्तरायला दुसऱ्या कुणाला वर्ष जातं.

खडकाच्या पूर्वेच्या टोकाला चुन्याने ओढलेली रेघ दिसली. सोबतच्या वनरक्षक भाऊंनी सांगितलं, पलीकडे महसूलची जागा आहे, मुरमासाठी कुणीतरी अर्ज टाकलाय.

५ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, आता गावोगावी मंडई, म्हणजे इकडची जत्रा. विद्यार्थी रात्रभर नाटक बघून दिवसा वर्गात झोपतात, त्यामुळे आज एकटी. धान पिवळं. आजींचं म्हणणं तंतोतंत खरं: हेड बोटांत चोळलं की बी सुटतं. तिन्ही जागांचं बी वेगवेगळ्या बटर पेपरच्या पुड्यांत. पुडी उघडताना कुणी शिंकायचं नाही, असा फलक लॅबमध्ये लावला.

१८ नोव्हेंबर, नागपूर

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी वेळ मिळाली. बीला सोन्याचा मुलामा द्यावा लागतो म्हटल्यावर सोबतच्या विद्यार्थिनीने हिशोब विचारला. मुलाम्याचं सोनं नगण्य. यंत्राच्या तासाचा दर नगण्य नाही.

सिनेरियमचं बी आपल्या जागी, ठरलेलं. क्विन्क्वँग्युलेअरचंही. खडक-१ चं बी लांबट, ०.४ मिलिमीटरच्या आसपास. आवरणाच्या पेशी आडव्या, एकीवर एक रचलेल्या, आणि त्यांच्या आडव्या भिंतींवरून छोटे काटे वर आलेले, प्रत्येक काट्याचं टोक किंचित रुंद. काटे सगळ्या पेशींवर नाहीत, एका बाजूला दाट, दुसऱ्या बाजूला विरळ. तीन झाडांचं बी बघितलं, तिन्हीकडे तसंच.

पडद्यावर पाच हजार पट मोठं झालेलं ते बी बघताना मशीनवाले भाऊ म्हणाले, "आमच्याकडे रोज सिमेंट अन् राख येते मॅडम. हे पहिल्यांदाच जिवंत काहीतरी." त्यांनी वेळ संपल्यावरही दोन फोटो जास्त काढू दिले.

१७ डिसेंबर, पुणे

कोरेगाव रोडवर वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात. एरिओकॉलॉनच्या फोल्डरांची चळत बघून आधी चहा प्यायला गेले.

जुन्या शीटवरचं (नमुना चिकटवलेल्या जाड कागदावरचं) एरिओकॉलॉन बघणं कष्टाचं. हेड गळून पाकिटात पडलेली, पाकिटावर तीन पिढ्यांच्या तीन चिठ्ठ्या, प्रत्येकीवर वेगळं नाव आणि खाली सही. हा जीनस लोकांनी किती वेळा नव्याने ओळखला ते या चिठ्ठ्यांच्या थरांवरून कळतं. फायसनने शंभर वर्षांपूर्वी भारतातल्या जाती लावल्या, अन्सारी आणि बालकृष्णन यांनी १९९४ मध्ये पूर्ण कुळाचा आढावा घेतला, आणि तरी फोल्डरच्या तळाशी "अनिश्चित" असं लिहिलेला गठ्ठा असतोच.

झेरँथेमम म्हणून लावलेल्या शीट एकेक करून बघितल्या. क्युरेटर मॅडमनी पाकिटात सुट्या पडलेल्या हेडांपैकी एक उघडायची परवानगी दिली. उघडलेलं सगळं परत पाकिटात, वर माझी चिठ्ठी. सहपत्रं जुळतात. मादी फुलाच्या निदलांवर दातेरी पाख दिसला नाही. हेडही खडक-१ पेक्षा लहान.

गठ्ठ्यातल्या नमुन्यांवरच्या जागा वाचत गेले: आंबोली, महाबळेश्वर, कास, रत्नागिरी, पुन्हा आंबोली. चंद्रपूरच्या काही शीट मिळाल्या. गोंदियाच्या शोधायला लागल्या. कुणाला दोष देत नाही. पावसाळ्यात पुण्याहून आंबोलीला बसने पोचता येतं आणि इथे यायला तेव्हा दोन दिवस लागत.

११ जानेवारी २०२५

डीएनएचा निकाल आला. तुलनेसाठी डीएनएचे दोन तुकडे: आयटीएस आणि क्लोरोप्लास्टचा एक भाग. खडक-१ सिनेरियमपासून वेगळं, क्विन्क्वँग्युलेअरपासून वेगळं. हे तर भिंगातूनही दिसलं होतं. ज्यांच्याशी खरी तुलना हवी त्या मध्य भारतातल्या जातींचे क्रम जीनबँकेत, म्हणजे डीएनए क्रमांच्या जाहीर साठ्यात, नाहीतच. म्हणजे झाडाचं नातं काढणारा आलेख छान येतो, पण त्यात शेजारीच गैरहजर. पुण्याचे एक सर म्हणाले, "डीएनए दिला की समीक्षक गप्प बसतात." बसतीलही, पण त्यामुळे प्रश्न सुटला असं होत नाही.

रात्री लंडनच्या क्यू उद्यानाच्या आणि लिनियन सोसायटीच्या संकेतस्थळांवर टाइप नमुन्यांचे फोटो बघत बसले. शंभर-दोनशे वर्षांपूर्वी हेच बघायला जहाजाने लंडनला जावं लागलं असतं. आता नेटवर्क असलं की भागतं, आणि ते गच्चीवर येतं.

२ फेब्रुवारी

यासाठीच थांबले होते, असं म्हणायला हरकत नाही.

मध्य प्रांतातल्या जंगल अधिकाऱ्यांचे नमुने बरेचदा डेहराडूनला जात. तिथल्या संग्रहात काम करणाऱ्या एका ओळखीच्या ताईंना डिसेंबरात खडक-१ चे फोटो पाठवून ठेवले होते. त्यांचं आज उत्तर आलं, सोबत एका शीटचा फोटो. "एरिओकॉलॉन, अनिश्चित" या गठ्ठ्यातली. चार झाडं, लांब टोकदार सहपत्रं, तशीच ठेवण. लेबल छापील, आडनाव पुसट, साल वाचता येत नाही. जागा वाचता येते: सी. पी. (मध्य प्रांत), बालाघाट. खाली पेन्सिलने इंग्रजीत, ओल्या खडकावर.

ताईंनी पाकिटातलं एक हेड कोमट पाण्यात टाकून मादी फूल बघितलं. पाख आहे, दातेरी आहे. बी नाही, झडून गेलंय.

म्हणजे आमच्या खडकावरचं झाड कुणीतरी स्वातंत्र्याच्या आधीच उचललं होतं, दाबलं होतं, आणि जुळणारं नाव नाही म्हणून प्रामाणिकपणे तसंच ठेवून दिलं होतं. बालाघाट म्हणजे बाघ नदीच्या पलीकडे. आज तिकडे मध्य प्रदेश, इकडे महाराष्ट्र. लेबल लिहिलं गेलं तेव्हा दोन्ही काठ एकाच प्रांतात. आमच्या विद्यार्थ्याच्या आईचं माहेरही तिकडचं. रोपाला कुठून माहीत असणार की मधे चेकपोस्ट लागतं.

याने दोन गोष्टी झाल्या. एक, खडक-१ ही एकाच खडकावरची विकृती नाही, दुसरी वस्ती होती. दोन, "विदर्भात प्रदेशनिष्ठ" हे शीर्षक गेलं. मला त्याचं दुःख नाही. खरं तर अशा शीर्षकांचा मला कंटाळा आहे. जिल्ह्याची सीमा ही वनस्पतीच्या वर्णनातली ओळ नव्हे.

२३ फेब्रुवारी

विद्यार्थ्यांसोबत नावाची बैठक. बैठक म्हणजे लॅबमध्ये आलुपोहे.

आधी नियम समजावले. नाव वैध ठरायला काय लागतं: लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा इतर जातींपासूनचा फरक (१९३५ पासून २०११ संपेपर्यंत लॅटिनच लागायचं, २०१२ पासून इंग्रजी चालतं), एकच होलोटाइप (नावाचा आधार म्हणून निवडलेला नमुना) आणि तो कोणत्या हर्बेरियममध्ये ठेवला त्याचं नाव, आणि प्रसिद्धी. जीनसचं नाव नपुंसकलिंगी, म्हणून विशेषण त्याला जुळवून. आधी कुणी वापरलेलं नाव पुन्हा चालत नाही, ते आयपीएनआय या वनस्पतींच्या नावांच्या जागतिक यादीत तपासायचं.

मग सूचना आल्या. गावाचं नाव द्या. (गावाचं नाव दिलं तर पुढच्या पावसाळ्यात फोटोवाले खडकावर उभे.) नवेगावचं द्या. झाडीपट्टीचं द्या. मॅडमचं द्या! नियमाने कुणाला आपलंच नाव देता येत नाही असं नाही, पण देत नाहीत, ते बरं दिसत नाही. एक मुलगी म्हणाली, पाखाचं द्या, तीच तर त्याची ओळख आहे. हे मला पटलं. खुणेवरून ठेवलेलं नाव पन्नास वर्षांनी उघडणाऱ्याच्या कामी येतं. दोन पर्याय वहीच्या मागच्या पानावर आहेत. इथे लिहीत नाही, छापण्याआधी फिरलेलं नाव डोकेदुखी होते.

धोक्याची श्रेणी काय द्यायची यावरही वाद झाला. विद्यार्थ्यांना "अतिसंकटग्रस्त" हवं. त्यांना गणित दाखवलं: जात जिथे सापडते ते चौकोन मोजायचे; दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा एक चौकोन म्हणजे चार चौरस किलोमीटर, आणि अतिसंकटग्रस्तची वरची मर्यादा दहा. म्हणजे एकाच जागेवरून वर्णन झालेली कुठलीही जात आपोआप त्या आकड्यात बसते. बाकीच्या अटी तपासल्याशिवाय तो शिक्का मारायचा नाही. बालाघाटची वस्ती आज आहे की नाही तेच माहीत नसताना योग्य श्रेणी "अपुरी माहिती". मुरमाच्या अर्जाचं काय, हा प्रश्न विद्यार्थ्याने बरोबर विचारला. त्यासाठी नव्या जातीची वाट बघायची गरज नाही. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे खडकाची नोंद लोक जैवविविधता नोंदवहीत करायचा अर्ज दिला आहे, ड्रॉसेरा आणि युट्रिक्युलेरियासकट. सरपंच काकांनी खडक स्वतः येऊन बघितला, म्हणाले, लहानपणी इथे गुरं चारायचो, हे कधी दिसलं नाही.

१६ मार्च

हस्तलिखित नव्वद टक्के तयार. वर्णन, चित्रं, बीचे फोटो, झेरँथेममशी तुलनेचा तक्ता. होलोटाइपची शीट वेगळी काढली, तीन जुळी नमुना-शीट तीन हर्बेरियमसाठी.

पुण्याच्या सरांचा फोन: आत्ताच पाठवा, दुसरं कुणी आधी छापेल. छापू दे. या घडीला माझ्याकडे एक खडक, एक जुनी शीट आणि एका हंगामाचं बी आहे. बालाघाटकडच्या ओल्या खडकांवर ते अजून असेल, तर पाखाचे दाते आणि तिसरं निदल तिकडे कसं आहे ते बघितल्याशिवाय जातीच्या मर्यादा लिहिणं म्हणजे पुन्हा नदीवर थांबणं. तिकडचं तिसरं निदल पूर्ण वाढलेलं निघालं, तर माझं आत्ताचं वर्णन पहिल्याच वर्षी दुरुस्त करावं लागेल. इकडच्यासारखंच निघालं तर तक्ता अधिक भक्कम.

मध्य प्रदेशच्या वन खात्याकडे संकलन परवानगीचा अर्ज आज स्पीडपोस्टने गेला. सप्टेंबर ते नोव्हेंबर अशी मुदत मागितली आहे. सोबत डेहराडूनच्या शीटचा फोटो, खडक-१ चं वर्णन, आणि एवढी एक विनंती की पिकलेलं बी घ्यायला धान कापणीच्या सुमारास यायची मुभा असावी.